फिल्म छायाचित्रण : अंकीय युगातील भवितव्य

पारदर्शक पट्टीवरील प्रकाशसंवेदी पायसात (इमल्शनमध्ये) प्रतिमा टिपण्याची पद्धत. अंकीय (डिजिटल) कॅमेऱ्यांनी साधारणतः २००३ च्या सुमारास विक्रीत फिल्म कॅमेऱ्यांना मागे टाकले, तरी ही पद्धत लोपलेली नाही. तिच्या भवितव्याची चर्चा बहुधा आवडीनिवडीच्या अंगाने होते. खरा प्रश्न मात्र पायस लेपणाऱ्या कारखान्यांचा आहे.

लवचिक फिल्मच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. जॉन कार्बट यांनी १८८८ च्या सुमारास सेल्युलॉइडच्या ताठर तावांवर पायस चढवले होते. गुंडाळता येणारी पारदर्शक फिल्म जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीने (हीच पुढे कोडॅक) १८८९ मध्ये विक्रीस आणली. तिचे रसायन हेन्री रायशेनबाख यांनी सिद्ध केले. तथापि हॅनिबल गुडविन या धर्मोपदेशकांनी अशाच फिल्मच्या पेटंटसाठी मे १८८७ मध्येच अर्ज केला होता. तो मंजूर व्हायला १८९८ साल उजाडले आणि १९०० मध्ये गुडविन वारले. पेटंटचे हक्क ज्यांच्याकडे गेले त्यांनी दावा चालवला. १९१४ मध्ये निकाल ईस्टमन कंपनीच्या विरोधात कायम झाला व तिला सुमारे ५० लाख डॉलर भरावे लागले. जुने संदर्भग्रंथ श्रेय ईस्टमन यांनाच देतात. कल्पनेचा मान गुडविन यांना आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा ईस्टमन यांना, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते.

पायस म्हणजे जिलेटिनात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक. त्यांत थोडे आयोडाइडही असते. प्रकाश पडला की स्फटिकावर चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंजका तयार होतो. हीच सुप्त प्रतिमा. तिची उपपत्ती गर्नी व मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडली. पुढे तिच्यात दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, पण तिचा गाभा टिकून आहे. विकासक (डेव्हलपर) द्रावणात नेमके हे पुंजके असलेले स्फटिक आधी काळे पडतात. कागदावर छपाई करताना ही क्रिया डोळ्यांनी पाहता येते : लाल दिव्याच्या मंद उजेडात तबक हलवत राहावे, तर कोऱ्या कागदावर प्रथम केस आणि सावल्या उमटतात, मग हळूहळू चेहरा. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला या पद्धतीबद्दलची ओढ समजावून सांगावी लागत नाही.

जिलेटीन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. त्यातील गंधकयुक्त संयुगांच्या लेशमात्र प्रमाणावरही फिल्मची संवेदनक्षमता अवलंबून असते, असे एस. ई. शेपर्ड यांनी १९२५ मध्ये दाखवले. त्यामुळे कच्च्या मालाची प्रत्येक खेप पारखून घ्यावी लागते. रंगीत फिल्मवर तर डझनभर किंवा त्याहून अधिक थर असतात. त्यांची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते आणि ते रुंद पट्टीवर मिट्ट काळोखात चढवावे लागतात. अशी यंत्रणा अवाढव्य मागणी गृहीत धरून उभारलेली असते. मागणी घटली म्हणून ती त्या प्रमाणात लहान करता येत नाही. कृष्णधवल फिल्मचे पायस तुलनेने साधे असल्याने लहान उत्पादकही ती बनवू शकतात. म्हणून कृष्णधवल फिल्म दीर्घकाळ टिकेल आणि रंगीत फिल्म मोजक्या कारखान्यांच्या आयुष्याशी बांधलेली राहील, असे मानण्यास आधार आहे.

अलीकडच्या घडामोडींत फिल्म बंद पडण्याचा आणि टिकून राहण्याचा असे दोन्ही प्रवाह दिसतात. कोडॅकची कोडॅक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म २००९ मध्ये बंद झाली. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले आणि एक्टाक्रोम या दुसऱ्या स्लाइड फिल्मचे उत्पादन थांबवले, पण २०१८ मध्ये तीच फिल्म पुन्हा आणली. दरम्यान २०१५ मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटसंस्थांनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले होते. स्थिर छायाचित्रणाची फिल्म त्याच कारखान्यात तयार होत असल्याने या करारांचा आधार तिलाही मिळाला. पोलरॉइडने २००८ मध्ये तत्काळ (इन्स्टंट) फिल्मचे उत्पादन सोडल्यावर नेदरलँड्समधील एनस्खेडे येथील कारखाना काही जाणकारांनी वाचवला. तेथे जुनी रसायने मिळेनाशी झाल्याने फिल्म जवळजवळ नव्याने घडवावी लागली.

आता बहुतेक निगेटिव्ह धुतल्यावर स्कॅन केल्या जातात, म्हणजे अर्धा प्रवास अंकीयच असतो. यामुळे फिल्मचे मर्म हरवते, असा एक पक्ष आहे. तो पूर्णपणे पटत नाही. मूळ निगेटिव्ह हातात राहते आणि तिच्यावरून पुन्हा छपाई करता येते.

कॅमेऱ्यांची बाजू अधिक नाजूक आहे. पेंटॅक्सने २०२४ मध्ये अर्ध्या चौकटीचा (नेहमीच्या एका चित्राच्या जागेत दोन चित्रे टिपणारा) नवा फिल्म कॅमेरा आणला. बाकी वापर मुख्यतः जुन्या कॅमेऱ्यांवर चालतो आणि त्यांच्या दुरुस्तीचे भाग बहुधा बंद पडलेल्या कॅमेऱ्यांतूनच काढले जातात.