कोळशाचा हिशोब आणि न जळणारे दिवे

जुन्या वीजकेंद्रात किती कोळसा जळत असेल? बहुतेकजण एका युनिटचा (एक किलोवॉट वीज तासभर) कोळसा काढतात आणि एकूण युनिटांनी गुणतात. हा गुणाकार चांगलाच फसवतो.

एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झालं. तिथे एका युनिटमागे साधारण साडेचार किलो कोळसा लागे. चांगल्या कोळशात किलोमागे सुमारे ३० मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे १३५ मेगाज्यूल जाळायचे आणि वीज मिळायची एक युनिट, म्हणजे ३.६ मेगाज्यूल, जेमतेम २.७ टक्के!

पण खरी गंमत पुढे आहे. पीटर विलन्स या इंग्रज इंजिनिअरने वाफेच्या इंजिनाला तासाला लागणारी वाफ आणि त्यावरचा भार (त्या वेळी त्याच्याकडून घेतली जाणारी शक्ती) यांचा आलेख काढला. रेषा सरळ आली, पण शून्यातून गेली नाही. भार नसतानाही इंजिन वाफ खातंच: घर्षण, थंड होणारं सिलिंडर, नळ्यांतली गळती. शिवाय रात्री चुलीतला विस्तव राखेत पुरून ठेवावा तसा बॉयलरचा जाळही राखावा लागतो.

सोयीचे आकडे घेऊ. समजा, १०० किलोवॉटच्या संचाला नुसतं तयार राहायला तासाला ८० किलो कोळसा लागतो आणि वर प्रत्येक युनिटला २.२ किलो. पूर्ण भारावर तासाला ३०० किलो, म्हणजे युनिटला ३. भार २० किलोवॉटवर आला की तासाला १२४, युनिटला ६.२! आता संध्याकाळी ४ तास पूर्ण भार, उरलेले २० तास फक्त १० किलोवॉट. एकूण ६०० युनिट. पूर्ण भारावरचा दर धरून गुणाकार म्हणतो १,८०० किलो. सरळ रेषा म्हणते ८० × २४ + २.२ × ६००, म्हणजे ३,२४० किलो.

तेव्हाची वीज मुख्यतः दिव्यांसाठीच, त्यामुळे दिवसा यंत्रं जवळजवळ रिकामी. म्हणून कंपन्या दिवसाचं गिऱ्हाईक शोधू लागल्या, यंत्रं फिरवणाऱ्या विजेच्या मोटर वापरणारं. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज इंजिनिअरने १८९२ मध्ये सुचवलं, की तयार राहण्याचा खर्च आणि वापराचा खर्च ग्राहकाकडून वेगवेगळा घ्यावा. महावितरणच्या बिलात 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' अशा दोन ओळी असतात, त्या याच विचारातून.