राग गिळणं आणि राग सावरणं: सेम दिसतं, पण सेम नाहीये

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एका काकूंचं फार कौतुक होतं, की बाई किती शांत, पोरांवर कधी आवाज चढवत नाही. मी पण तसं व्हायला गेले आणि सपशेल फसले, कारण मी जे करत होते ते शांत राहणं नव्हतंच, ते नुसतं राग गिळणं होतं.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आवाज नाही, फटका नाही. आता बघा, मागच्या पावसाळ्यात मुलगा शाळेतून आला तो तिसरी पाण्याची बाटली रिक्षात विसरून. मी एक शब्द बोलले नाही, फक्त कुकरचं झाकण आपटलं आणि पोळ्या लाटताना मान वर केली नाही. तो दोनदा येऊन विचारून गेला, "आई तू चिडलीयेस का?" मी म्हटलं "नाही रे, जा खेळ." म्हणजे त्याला दिसत होतं ते बरोबर होतं आणि मीच त्याला सांगितलं की तुझं चुकतंय! मग रात्री त्याने भाजीवरून किरकिर केली आणि सगळं एकदम बाहेर, बाटली, भाजी, हरवलेलं गणिताचं पुस्तक, सगळंच.

नाशिककरांना तर हे लगेच कळेल. गंगापूर धरण भरत आलं की विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, काठावरच्या लोकांना आधी सांगतात. दारं गच्च बंद ठेवून एकदम उघडली तर गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीचं काय होईल? तेच त्या रात्री ताटासमोर झालं.

अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2020 साली यावर एक अभ्यास छापला. 107 पालक, मुलं 7 ते 11 वर्षांची. आधी पालकांना टेन्शन येईल असं काम दिलं, मग मुलांसोबत बसवलं आणि काहींना सांगितलं की मनातलं दिसू द्यायचं नाही. लपवणारे पालक मुलांशी कमी मायेने वागले आणि मुलं पण तशीच वागायला लागली, आणि आयांनी लपवलं तेव्हा तर ताण मुलांच्या अंगात जास्त उतरला. आपण म्हणतो पोराला कळू नये म्हणून गिळतेय, पण पोराला कळतंच.

मग सावरणं वेगळं कुठे होतं? जेम्स ग्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाची मांडणी मला इथे फार पटते. राग पूर्ण आल्यावर चेहरा दाबणं हे उशिरा केलेलं काम, चेहरा गप्प होतो पण शरीर आत धडधडतच राहतं. सावरणं त्याच्या आधी सुरू होतं, डोक्यातल्या वाक्यापाशी. "हा मुद्दाम करतो" हे एक वाक्य, आणि "आठ वर्षांचा आहे, सकाळी सहाला उठलाय, रिक्षात सगळी पोरं क्रिकेटवर भांडत होती" हे दुसरं. बाटलीचे पैसे दोन्हीकडे गेलेच, पण दुसऱ्या वाक्यानंतर माझा आवाज वेगळा निघतो. सुचेल तेव्हा हां, रोज सुचत नाही.

आणि नाही सुचलं, ओरडलं, तर? एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी तान्ह्या बाळांवर काम केलं, त्यात दिसलं की आई आणि बाळाचे सूर साधारण 30 टक्के वेळच जुळलेले असतात. बाकी सगळं बिनसणं आणि परत जुळवणं. त्यामुळे ओरडल्यावर परत जाऊन "मघाशी मी जास्त बोलले" म्हणणं हे कमीपणाचं नाही, मुलाला तिथेच दिसतं की भांडण झालं म्हणून घर मोडत नाही. चिवट मुलं अशीच घडतात. (आणि सगळं आईच्याच डोक्यावर टाकू नका, बाबा आहेत, आजी आहे, हवाईच्या काउई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक वर्षं माग काढला, त्यात हाल सोसूनही तगलेल्या मुलांपाशी कोणीतरी एक भक्कम मोठं माणूस होतं, ते आईच असायचं असं नाही.)

परवा चौथी बाटली गेली. मी म्हटलं, "मला राग आलाय, पाच मिनिटं गॅलरीत जाते, मग बोलू." सासूबाई म्हणाल्या, पोराला काय सांगतेस असलं! परत आत आले तर हा दप्तर घेऊन बसलेला, "बांधून टाकू का गं?" आता नवी बाटली पायजम्याच्या नाडीने दप्तराला लटकते, दिसायला भयंकर.