स्क्रेपर : हातात जोर कमी असलेल्यांसाठी निवड व वापर

लाकडाच्या पृष्ठभागावरून अतिशय पातळ पापुद्रे काढून तो गुळगुळीत करणारे पोलादी पाते म्हणजे स्क्रेपर. त्याचा सर्वांत साधा प्रकार कार्ड स्क्रेपर हा होय. त्याला मूठ नसते, दांडा नसतो. साधारण १५० मिमी लांब, ६० मिमी रुंद आणि ०.४ ते १ मिमी जाड असा तो नुसता पोलादी पत्रा असतो. त्याच्या कडेवर दाब देऊन वळवलेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी आकडी असते. तिला बर म्हणतात आणि कापण्याचे काम तीच करते. गाठीभोवतालच्या किंवा उलटसुलट रेषांच्या लाकडावर रंधा फिरवला की तंतू उपटून येतात. स्क्रेपरच्या बरीपाशी मात्र पापुद्रा लगेच मोडतो आणि फाटत पुढे जात नाही. त्यामुळे शेवटचा हात फिरवण्यासाठी याच्या तोडीचे हत्यार क्वचितच सापडते.

संधिवात, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज, मनगटात नस दबणे, जुनी दुखापत किंवा वाढते वय यांमुळे पकड कमी झाली की अनेक जण सर्वांत आधी हेच हत्यार बाजूला ठेवतात. बहुतेकांना तशी गरज नसते. स्क्रेपरला लागणारा जोर बरीची तीक्ष्णता, पात्याची जाडी आणि पाते वाकवून धरण्याची रीत या तीन गोष्टींवर ठरतो, आणि तिन्ही आपल्याला बदलता येतात.

अंगठ्यावरील भार : नेहमीच्या पद्धतीत दोन्ही हातांची बोटे पात्याच्या दोन टोकांना असतात आणि दोन्ही अंगठे मागून मध्यभागी दाबून पात्याला बाक देतात. बाक नसेल तर पात्याचे कोपरे लाकडात रुततात. पण अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत १ किलो जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर त्याच्या सुमारे १२ पट दाब येतो. दुखऱ्या सांध्याला ही पद्धत तासभर सोसत नाही, ती यामुळेच.

जाडी : पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ०.४ मिमीचे पाते वाकवायला ०.८ मिमीच्या पात्याच्या एक-अष्टमांश जोर पुरतो. बाजारात ०.८ मिमीची पाती सर्रास मिळतात आणि नवशिक्याच्या हातात तीच पडतात. कमजोर हातांसाठी मात्र ती चुकीची निवड आहे. सर्वसाधारण कामाला ०.५ ते ०.६ मिमीचे पाते घ्यावे. त्याहून पातळ पाते सहज वाकते, पण लवकर तापते आणि कडक लाकडावर थरथरते. लांबीही पाहावी, कारण आखूड पाते वाकवायला लांब पात्याहून बराच जास्त जोर लागतो. लहान पाते लहान हाताला बरे, असे वाटते खरे, पण इथे ते उलटे पडते.

बर काढणे : निम्मा त्रास इथेच वाचतो. बोथट स्क्रेपर पापुद्रा काढत नाही, बारीक भुकटी पाडतो, आणि माणूस नकळत अधिक दाबू लागतो. भुकटी दिसली की हात थांबवून धारेकडे वळावे.

प्रथम पाते व्हाइसमध्ये (शिकंजात) उभे धरून कड कानशीने सपाट आणि बाजूंना काटकोनात करावी. कानस चिमटीत धरण्याऐवजी खाच पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात बसवली, तर ठोकळा अख्ख्या मुठीत धरता येतो आणि काटकोनही आपोआप राखला जातो. मग कड आणि दोन्ही बाजू धारेच्या दगडावर घासून कानशीचे ओरखडे काढावेत. कड जितकी नितळ, तितकी बर एकसारखी येते आणि पुढे जोर कमी लागतो. यानंतर पाते कामाच्या टेबलावर आडवे ठेवून बर्निशर या कडक पोलादी सळीने कडेलगत काही वेळा दाबून घासावे, म्हणजे कडेचे पोलाद थोडे बाहेर सरकते. शेवटी पाते पुन्हा उभे धरून सळी आडव्यापासून ५ ते १० अंश झुकवून दोन-तीनदा फिरवली की बर वळते. तेलाचा एक थेंब लावल्यास सळी अडकत नाही.

बर्निशरची सळी जितकी बारीक, तितका दाब एका रेषेवर एकवटतो आणि कमी जोरात काम होते. म्हणून जाड गोल सळीपेक्षा बारीक सळी किंवा कडा गोल केलेली त्रिकोणी सळी घ्यावी, आणि तिला जाड मूठ बसवावी. ठोकळ्यात ठराविक कोनात बसवलेली कार्बाइड या अतिशय कडक पदार्थाची सळीही मिळते. हा ठोकळा कडेवर टेकवून शरीराच्या वजनाने पुढे ढकलायचा असतो. मनगट वळवावे लागत नाही. एकाच जोरकस फेऱ्यापेक्षा चार हलके फेरे चांगले. मोठी बर लाकडात खोल घुसते आणि ओढायला जड जाते, तेव्हा ५ अंशांची लहान बर पुरे मानावी.

एका पात्याला दोन लांब कडा आणि प्रत्येक कडेला दोन अशा चार बरी काढता येतात. हात बरे असतील त्या दिवशी दोन-तीन पाती तयार करून ठेवली, तर कामाच्या मध्यात धार लावायला थांबावे लागत नाही. बर बोथट झाली म्हणून लगेच कानस लागत नाही. नुसत्या बर्निशरने ती चार-पाच वेळा पुन्हा उठवता येते.

धरण्याची रीत : पाते ढकलण्याऐवजी आपल्याकडे ओढावे. तेव्हा पलीकडच्या बाजूने आठही बोटे दाब देतात आणि अंगठे केवळ आधाराला राहतात. बसून काम करणाऱ्यालाही हेच सोयीचे पडते. ढकलायचेच असेल तर कामाचे टेबल थोडे खुजे असावे, हातांची कोपरे अंगाशी ठेवावीत आणि कमरेपासून पुढे झुकावे. लाकूड क्लॅम्पने पक्के बांधलेले असावे; एका हाताने लाकूड आणि दुसऱ्याने हत्यार अशी कसरत करू नये. पाते आधी उभे ठेवून हळूहळू कलवत न्यावे आणि बर चावू लागेल तिथे थांबावे. ते लाकडाच्या रेषेला किंचित तिरपे फिरवले तर थरथर आणि लाटा कमी होतात.

घर्षणाने पाते तापून अंगठा भाजतो. मागे लवचीक चुंबकाची पट्टी चिकटवली की उष्णता अडते. जाड हातमोज्यांनी पकड आणखी सैल होते, तेव्हा ते टाळलेलेच बरे.

धारक : बाक देण्याचे काम स्क्रूवर सोपवणे हा सर्वांत मोठा दिलासा. पाते अडकवायची चौकट आणि मधोमध मागून दाबणारा स्क्रू, एवढेच या धारकाचे रूप. हात जमत असेल तर लाकडी ठोकळ्याला खाच पाडूनही तो बनवता येतो. याच तत्त्वावरचे जुने आणि विश्वासू हत्यार म्हणजे स्टॅनले कंपनीचा स्क्रेपर नं. ८०. त्याच्या बिडाच्या अंगाला दोन्ही बाजूंना मुठी असतात, खाली सपाट तळ असतो आणि सुमारे ७० मिमी रुंदीचे, ४५ अंशांची धार दिलेले पाते मध्यभागच्या स्क्रूने वाकते. तळ सपाट असल्याने कोन सांभाळावा लागत नाही, आणि तळहाताने ढकलता येत असल्याने चिमटीची गरज उरत नाही. ज्याला एकच स्क्रेपर घ्यायचा आहे आणि ज्याचे अंगठे दुखतात, त्याने हाच घ्यावा. मात्र वक्र पृष्ठभागावर तो चालत नाही. तिथे हंसाच्या मानेसारख्या आकाराचे पातळ पातेच लागते.

लांब दांड्याचा, कार्बाइडच्या पात्याचा ओढायचा स्क्रेपर जुना रंग किंवा डिंक काढण्यासाठी चांगला. दोन्ही हातांनी, खांद्यातून ओढता येतो आणि धार बराच काळ टिकते. त्याने येणारा पृष्ठभाग कार्ड स्क्रेपरइतका नितळ नसतो.

लाकूड : शिसवीसारख्या कडक, घट्ट तंतूंच्या लाकडावर स्क्रेपर सर्वांत छान चालतो. सागात सिलिका असते, त्यामुळे बर लवकर बोथट होते. तिथे दोन पाती जास्त तयार ठेवावीत. पाइनसारखे मऊ लाकूड कापण्याऐवजी चेपते, आणि कितीही जोर लावला तरी ते सुधारत नाही. अशा लाकडाला धारदार रंधा किंवा सँडपेपर वापरावा.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटे काम करून हात सैल सोडावेत. बोटांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा जाणवला तर त्या दिवसाचे काम तिथेच थांबवावे, आणि तसे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.