फिल्मवरचे न दिसणारे चित्र

फिल्मचा रोल वापरून फोटो काढण्याची हौस अलीकडे काही तरुणांमध्ये पुन्हा दिसते. मात्र बटण दाबताक्षणी फिल्मवर चित्र उमटते, हा जुना समजही तिच्यासोबत परतला आहे. प्रत्यक्षात कॅमेऱ्यातून नुकत्याच काढलेल्या रोलवर डोळ्यांना दिसेल असे काहीच नसते. तेथे असते ती सुप्त प्रतिमा, म्हणजे रसायनाची प्रक्रिया केल्यावरच दिसू लागणारे चित्र.

विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हे इंग्रज संशोधक आधी चांदीच्या क्षाराचा लेप दिलेला कागद स्वतःहून काळा पडेपर्यंत प्रकाशात ठेवत. सप्टेंबर १८४० मध्ये त्यांना आढळले की, कोऱ्या दिसणाऱ्या कागदावरही गॅलिक आम्ल, म्हणजे माजूफळात सापडणारे आम्ल, चांदीच्या क्षारासह लावले की चित्र वर येते. फ्रान्समध्ये डागेर पाऱ्याच्या वाफेने पत्र्यावर असेच चित्र उमटवत, पण ते एकुलते एक. टॅलबटच्या निगेटिव्हवरून मात्र कितीही प्रती काढता येत. हर्शेल यांचा हायपो (चित्र पक्के करणारे रसायन), मॅडॉक्स यांची १८७१ ची जिलेटिनचा लेप दिलेली काच आणि ईस्टमन यांची १८८९ ची सेल्युलॉइड फिल्म या पुढच्या पायऱ्या सर्वपरिचित आहेत.

खरी गंमत जिलेटिनमध्ये होती. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेले काही जिलेटिन फिल्मला प्रकाशाबाबत तल्लख करी, तर काही मंद ठेवी. कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ मध्ये त्याचे कारण मांडले: मोहरीच्या तेलात असतात तशी गंधकाची संयुगे, तीही अत्यल्प प्रमाणात. गाईंना मोहरी आवडत नसती तर सिनेमाच नसता, असे त्यांचे प्रमुख केनेथ मीस गमतीने म्हणत.

या गंधकामुळे जिलेटिनच्या थरात विखुरलेल्या सिल्व्हर ब्रोमाइड या चांदीच्या क्षाराच्या स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके तयार होतात. प्रकाशकण ब्रोमाइड आयनातून (आयन म्हणजे विद्युतभारित अणू) इलेक्ट्रॉन मोकळा करतो, तो भटकत जाऊन ठिपक्यावर अडकतो, त्याच्या ऋणभाराकडे स्फटिकातला एक फिरता चांदीचा आयन ओढला जातो आणि तेथे चांदीचा एक अणू बनतो. गर्नी आणि मॉट यांनी १९३८ मध्ये मांडलेली ही उपपत्ती आहे. असे साधारण चार अणू एकत्र आले की डेव्हलपर, म्हणजे चित्र वर आणणारे रसायन, तेथून शिरकाव करून अब्जावधी आयनांचा अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो; ज्या स्फटिकावर असा पुंजका नाही, त्याला तो तेवढ्या वेळात जवळपास हातही लावत नाही.

 

एकटा अणू मात्र अस्थिर असतो; दुसरा लवकर आला नाही तर तो काही सेकंदांतच विरून पुन्हा आयन होतो. मंद ताऱ्यांकडून प्रकाशकण थांबून थांबून येतात; म्हणूनच त्यांचे फोटो घेताना एक्स्पोजरचा वेळ दुप्पट केला तरी फिल्मवरचा परिणाम दुप्पट होत नसे.