अ‍ॅपवर बंदी वेगळी, नेटबंदी वेगळी

गलवानच्या चकमकीनंतर दोन आठवड्यांनी, २९ जून २०२० रोजी, टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी आली. जून २०२३मध्ये दंगलीनंतर कोल्हापुरात नेटच बंद झालं. बातम्यांत दोन्हीकडे ‘बंदी’, कारणंही ऐकायला सारखीच: सुरक्षा, सुव्यवस्था. कायदा मात्र वेगळा, हुकूम काढणारा हातही वेगळा.

अ‍ॅप, संकेतस्थळ किंवा एखादी पोस्ट अडवायला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आहे. या कलमाखालचा हुकूम केंद्रच काढतं; राज्याने फक्त विनंती करायची. २००९च्या नियमांनुसार गृह, विधी, माहिती व प्रसारण अशा खात्यांचे अधिकारी समितीत बसून ती तपासतात आणि मजकूर टाकणाऱ्याला किंवा तो ठेवणाऱ्या कंपनीला उत्तरासाठी किमान ४८ तास मिळतात. तातडी असेल तर आधी अडवायचं, समितीपुढे मागाहून. कंपनीने हुकूम पाळला नाही तर ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

नेटबंदीला कोणी काय लिहिलं याच्याशी देणंघेणं नसतं. ती दूरसंचार कायद्यातून येते. पूर्वी १८८५चा टेलिग्राफ कायदा आणि २०१७चे नियम, आता २०२३चा कायदा आणि २०२४चे नियम. इथे राज्याचे गृहसचिवही हुकूम काढू शकतात, एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवसांचा. अफवा पसरवणाऱ्याबरोबर भाजीवालीचा क्यूआर कोडही बंद पडतो, मग सुट्ट्या पैशांवरून हुज्जत. अ‍ॅप अडवलं तर व्हीपीएनवाले, म्हणजे आपलं ठिकाण लपवून नेट वापरणारे, पळवाट शोधतात. नेटच नसेल तर व्हीपीएन घेऊन करायचं काय?

खरी मेख गुप्ततेत आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये, बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर, फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये त्याच कायद्यातलं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं. लेखी कारणं द्यावी लागतात, त्यांना कोर्टात आव्हान देता येतं, हा त्यामागचा एक आधार. पण २००९च्या त्याच नियमांतला १६वा नियम तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. म्हणजे खातं अडवलेल्या माणसाच्या हाती बहुतेकदा हुकूमच नाही. आव्हान द्यायचं कशाला?

नेटबंदीत उलट. काश्मीरच्या नेटबंदीवरील अनुराधा भसीन खटल्यात, १० जानेवारी २०२० रोजी, न्यायालयाने असे हुकूम प्रसिद्ध करायलाच हवेत असं बजावलं. एक पोस्ट अडवणारा हुकूम कुलपात आणि अख्खा जिल्हा ठप्प करणारा चव्हाट्यावर, हे मला तरी उफराटंच वाटतं. त्यातही चव्हाट्यावर म्हणजे कागदोपत्री. संसदेच्या स्थायी समितीच्या डिसेंबर २०२१च्या अहवालानुसार देशात कुठे, किती वेळा नेट बंद झालं याची नोंद ना दूरसंचार खात्याकडे होती, ना गृह मंत्रालयाकडे.