आय-लीग २०१६–१७

आय-लीग २०१६–१७ हा भारतातील पुरुषांच्या सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल साखळीचा दहावा हंगाम. १९९६ साली सुरू झालेली राष्ट्रीय फुटबॉल लीग जमेस धरली, तर एकविसावा. ७ जानेवारी २०१७ रोजी सुरू झालेला हा हंगाम ३० एप्रिलला संपला आणि विजेतेपद मिझोरमच्या ऐझॉल एफसीने पटकावले. ईशान्य भारतातील क्लबने देशाची अव्वल साखळी जिंकण्याची ही पहिलीच वेळ. विजेत्यांचे ३७ गुण झाले, उपविजेत्या मोहन बागानचे ३६. भारतीय साखळीचा इतका नाट्यमय आणि इतका अर्थपूर्ण हंगाम त्याआधी झाला नव्हता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

हंगामाची मुळे आदल्या वर्षात आहेत. २०१५–१६ मध्ये ऐझॉल नऊ संघांत आठवा आला. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण थेट प्रवेश मिळालेला क्लब म्हणून त्याला पदावनतीपासून संरक्षण होते, त्यामुळे खालच्या श्रेणीत जाण्याची वेळ ऐझॉलवर आली. त्याच मोसमात हा संघ फेडरेशन कप या क्लबांच्या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता, तिथे गुवाहाटीत मोहन बागानने त्याला ५–० असे धुतले. त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फ्रँचायझी संघांच्या नव्या इंडियन सुपर लीगला वरचे स्थान देऊन आय-लीगला दुसऱ्या पायरीवर बसवण्याचा आराखडा मांडला. त्याच्या निषेधार्थ गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा बाहेर पडले, पुढे धेंपोनेही तोच मार्ग धरला. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावण्यात आले. गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या प्रांताचे इतके नामवंत क्लब निघून जाणे ही भारतीय फुटबॉलची मोठी हानी होती, आणि त्याच हानीतून नवा विजेता घडला.

हंगामात दहा संघ होते: ऐझॉल, मोहन बागान, ईस्ट बंगाल, गतविजेता बंगळुरू एफसी, शिलाँग लाजाँग, चर्चिल ब्रदर्स, डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी आणि पहिल्यांदाच उतरलेले चेन्नई सिटी व मिनर्व्हा पंजाब. दुहेरी साखळी पद्धतीने प्रत्येकाचे १८ सामने, एकूण ९०. प्रत्येक संघाला चार परदेशी खेळाडू घेता येत, त्यांतला एक आशियाई असावा लागे.

ऐझॉलची बांधणी प्रशिक्षक खालिद जमील यांनी केली. मुंबई एफसीला त्यांनी सुमारे सात वर्षे सांभाळले होते. पैसा कमी, नामवंत खेळाडू नाहीत, तरीही संघ श्रेणीतून खाली घसरू द्यायचा नाही, हे काम त्यांनी तिथे वर्षानुवर्षे केले. चिवट बचाव आणि संधी मिळताच झडप, ही त्यांची पद्धत अनेकांना कंटाळवाणी वाटे. ऐझॉलला जाताना त्यांनी मुंबईतले ओळखीचे खेळाडू सोबत नेले, बचावातला आशुतोष मेहता आणि मधल्या फळीतला जयेश राणे हे त्यांतले दोघे. गोलरक्षणाला गोव्याचा अल्बिनो गोम्स होता. परदेशी चौकडीत सीरियाचा महमूद अल अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारियान, नायजेरियाचा किंग्जली ओबुमनेमे आणि आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकी संघाचा कणा मिझो मुलांचा: झोमिंगलियाना राल्ते, लालरुआतथारा, लालरामचुलोवा, ब्रँडन वनलालरेमडिका, विल्यम लालनुनफेला. मिझोरम प्रीमियर लीग २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये मिझोरमने संतोष करंडक ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्या, तर ही मुले अचानक कुठून आली हा प्रश्न पडत नाही.

पहिल्याच दिवशी ऐझॉलने ईस्ट बंगालला त्यांच्या घरी १–१ असे रोखले. तरी पहिल्या टप्प्यात ऐझॉलकडे विजेतेपदाचा दावेदार म्हणून कोणी पाहत नव्हते. चर्चा होती ती कोलकात्याच्या दोन मोठ्यांची, म्हणजे मोहन बागान आणि ईस्ट बंगालची, आणि बंगळुरूची. बंगळुरू लवकर मागे पडले. ईस्ट बंगाल काही काळ आघाडीवर राहिले आणि मग कोसळले. ९ एप्रिलला सिलिगुडीत मोहन बागानने त्यांना २–१ असे हरवले, त्यानंतर प्रशिक्षक ट्रेव्हर मॉर्गन यांनी पद सोडले. घरच्या मैदानावर सातत्याने गुण जमवणारे ऐझॉल मात्र वरच सरकत राहिले.

सोळा सामन्यांनंतर चित्र असे होते: ऐझॉल ३३, मोहन बागान ३३. आणि पुढचाच सामना या दोघांचा, २२ एप्रिलला, ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर. डोंगरांनी वेढलेले, कृत्रिम गवताचे हे मैदान पाहुण्या संघांना नेहमीच जड जाई. बागानकडे सोनी नॉर्दे, कात्सुमी युसा, डॅरिल डफी अशी फळी होती आणि जेजे लालपेखलुआही, म्हणजे मिझोरमचा सर्वांत लाडका खेळाडू त्या दिवशी समोरच्या जर्सीत. ऐंशी मिनिटे गोल झाला नाही. ८३व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्तेने चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. बचावपटूच्या त्या एका हेडरवर सामना १–० असा सुटला आणि ऐझॉल तीन गुणांनी पुढे गेले.

शेवटच्या दिवशी, ३० एप्रिलला, ऐझॉलला फक्त एक गुण हवा होता. सामना शिलाँगला, लाजाँगविरुद्ध. म्हणजे अव्वल साखळीचा निकाल ईशान्येच्याच दोन संघांमध्ये लागणार होता. मिझोरममधून समर्थक डोंगरवाटांचा लांबलचक प्रवास करून जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये पोहोचले होते. नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या असियर पिएरिक दिपांदाने गोल केला. कॅमेरूनचा हा आघाडीपटू ११ गोलांसह हंगामातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला, त्यामुळे घाव साध्या हातून बसला नव्हता. तिकडे कोलकात्यात रवींद्र सरोवर मैदानावर मोहन बागानचा सामना चेन्नई सिटीशी सुरू होता. बागान जिंकले आणि ऐझॉल हरले, तर दोघांचे गुण सारखे होऊन करंडक कोलकात्याला जाणार होता. ही टांगती तलवार अठ्ठावन्न मिनिटे डोक्यावर होती. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. मग उरला वेळ काढण्याचा खेळ, आणि तो जमील यांच्या संघाइतका कोणालाच येत नव्हता. बागानने आपला सामना २–१ असा जिंकला, पण उपयोग झाला नाही. संघ परतला तेव्हा ऐझॉलच्या रस्त्यांवर दुतर्फा माणसे उभी होती.

मराठी वाचकाला या हंगामाची दुसरी बाजू टोचल्याशिवाय राहत नाही. ज्या मुंबई एफसीत जमील घडले, तो क्लब याच हंगामात तळाला जाऊन श्रेणीबाहेर पडला आणि त्यानंतर त्याचा संघच बंद झाला. बालेवाडीत खेळणारा डीएसके शिवाजियन्सही मालक उद्योगसमूह अडचणीत आल्यावर गुंडाळला गेला. २००५–०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा महाराष्ट्र देशात पहिला होता. अकरा वर्षांनी इथले दोन्ही संघ एकाच उन्हाळ्यात नाहीसे झाले.

विजेत्यांनाही निश्चिंती लाभली नाही. सुपर लीगला वरचढ करण्याचा प्रस्ताव कायम होता, आणि करंडक हातात असताना आपण दुसऱ्या श्रेणीत ढकलले जाऊ, या भीतीने क्लबचे मालक रॉबर्ट रॉयते यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. मैदानावर मिळवलेले स्थान कागदावर काढून घेता येते, ही त्यांची तक्रार रास्त होती. आशियाई फुटबॉल महासंघाच्या मध्यस्थीनंतर २०१७–१८ पासून दोन्ही लीग समांतर चालवण्याचे ठरले. बंगळुरू सुपर लीगमध्ये गेले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीची जागा आय-लीग विजेत्याकडे राहिली. त्या जागेवर ऐझॉल जानेवारी २०१८ मध्ये इराणमध्ये तिथल्या झोब आहान क्लबशी खेळले आणि १–३ असे हरले.

तोवर विजेता संघ पांगला होता. जमील आणि अल अमना ईस्ट बंगालला गेले, कामो आणि किंग्जली मोहन बागानला. लालरुआतथारा केरळ ब्लास्टर्सकडे गेला आणि सुपर लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. जमील पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. ऐझॉलला २०१७–१८ मध्ये पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्या वर्षी करंडक मिनर्व्हा पंजाबने नेला आणि त्याच्या पुढच्या वर्षी चेन्नई सिटीने. हे दोघे २०१६–१७ चे नवखे संघ. त्या हंगामात दोघेही गुणतालिकेच्या खालच्या टोकाला होते.