रिसीव्हरच्या नावातला रेडिओ

दुकानात ‘रिसीव्हर’ मागितला की मागच्या बाजूला सॉकेटांची जत्रा असलेला काळा खोका समोर येतो. तो नेमकं काय ‘रिसीव्ह’ करतो? मुळात, रेडिओ. ट्यूनर (रेडिओ स्टेशन पकडणारा), प्री-अँप (नाजूक सिग्नल सांभाळून पुढे देणारा) आणि पॉवर अँप (तो स्पीकर हलवण्याइतका ताकदवान करणारा अँप्लिफायर) एकाच पेटीत नांदले तर रिसीव्हर; ट्यूनर वगळला तर इंटिग्रेटेड अँप; आणि प्रत्येकाने वेगळी चूल मांडली तर सेपरेट्स.

हाय-फायच्या, म्हणजे अस्सल आवाजाच्या शौकिनांच्या, जगात वेगळी चूल ही आधीची आणि तिला कारणही तसंच होतं. ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या जमान्यात पॉवर अँप भट्टीसारखा तापायचा आणि त्याच्या जाडजूड ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आसपासच्या वायरींत शिरायची. रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल मात्र जेमतेम काही मिलिव्होल्टचा. दोघांना शेजारी बसवलं की गाण्याआधी गुणगुणच ऐकू येणार. म्हणून इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या कंपनीचा क्वाड टू 1953 साली आला तो पॉवर अँप म्हणून, प्री-अँपची पेटी वेगळी. स्टीरिओ आल्यावर असे दोन पॉवर अँप लागायचे.

अमेरिकेत हर्मन कार्डनने 1954 मध्ये ‘फेस्टिव्हल’ काढला. ट्यूनरसकट सगळं एका पेटीत असलेला हा हाय-फायमधल्या पहिल्या रिसीव्हरांपैकी एक. पण रिसीव्हरचे खरे दिवस पालटले ते 1 जून 1961 पासून तिथे एफएमवर स्टीरिओ प्रसारण सुरू झालं तेव्हा. रेकॉर्ड विकत घ्यावी लागते, रेडिओ फुकट. मग ट्यूनर असलेली पेटीच का घेऊ नये? त्यातच ट्रान्झिस्टर आले, उष्णता आणि आकार दोन्ही घटले.

पुढे जपानी कंपन्यांनी बाजार काबीज केला आणि वॉटची चढाओढ लागली. आकडे इतके फुगवले जाऊ लागले की 1974 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला सलग मिळणारी पॉवरच जाहिरातीत सांगा, असा नियम करावा लागला. मग कंपन्यांनी खरेच वॉट वाढवले! 1978 चा पायोनियर एसएक्स-1980 दर चॅनेलला 270 वॉटचा, वजन सुमारे 35 किलो. गंमत म्हणजे त्याच वर्षी एनएडीने 20 वॉटचा 3020 हा इंटिग्रेटेड अँप आणला आणि शौकिनांना तो डोक्यावर घ्यावासा वाटला.

आपल्याकडे ही कथा वेगळ्या वाटेने गेली. आकाशवाणीचं एफएम 1977 मध्ये मद्रासला सुरू झालं. मुंबईत खासगी कार्यक्रमांना एफएमवर जागा मिळाली ती 1993 मध्ये. तोवर स्टीरिओ ट्यूनर घेऊन करायचं काय? म्हणून घरोघरी अँप आणि कॅसेट डेक अशी जोडी दिसायची. सोनोडाइन, कॉस्मिक या कंपन्यांचा, नाहीतर मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून बनवून आणलेला अँप. शब्द माहीत नसताना आपण सेपरेट्सवालेच होतो.

रिसीव्हर आपल्याकडे रुळला तो सिनेमाचा हात धरून. घरात सिनेमाचा चौफेर आवाज देणारं डॉल्बी प्रो लॉजिक 1987 चं, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डीव्हीडी, मग एचडीएमआय, 2014 पासून डोक्यावरूनही आवाज देणारं घरगुती अ‍ॅटमॉस. पाच, सात, नऊ स्पीकरांचं काम वेगवेगळ्या पेट्यांत वाटणं सामान्य खिशाला परवडणारं नव्हतं. ट्यूनर आता या पेटीतला पोटभाडेकरू झालाय; त्याची एरियलची तार बहुतेक घरांत पिशवीतून बाहेरही निघत नाही.

माझ्या मते रिसीव्हर की सेपरेट्स हा जुना वाद आता आवाजापेक्षा आयुष्याचा आहे. चांगला पॉवर अँप वीस-पंचवीस वर्षं सहज चालतो; म्हातारा होतो तो सिनेमाचा आवाज स्पीकरांत वाटणारा प्रोसेसर. 4के टीव्ही आले तेव्हा जुन्या एचडीएमआयचे कितीतरी धडधाकट रिसीव्हर केवळ त्या एका सॉकेटपायी अडगळीत गेले. फक्त गाणी ऐकायची असतील तर मी इंटिग्रेटेड अँपच घेईन. सिनेमासाठी रिसीव्हर घेणाऱ्याने मात्र वॉट मोजण्याआधी मागे ‘प्री-आउट’, म्हणजे प्री-अँपचा सिग्नल बाहेर देणारा सॉकेट, आहे का ते बघावं. तो असला तर उद्या पॉवर अँप वेगळा जोडता येतो, आणि परवा रिसीव्हर बदलला तरी तो अँप जागचा हलत नाही.